दोन डोळे, दोन पेशंट: एकाच दिवशी दोन्ही मोतीबिंदू काढताना

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की पेशंट डॉक्टरांच्या खोलीतून माझ्या टेबलापाशी येतो. भिंग कुठलं बसवायचं, खर्च किती, शुगर कधी तपासायची, थेंब कधी सुरू करायचे, सोबत कोण येणार, हे सगळं समजावून सांगायचं माझं काम. आमच्याकडे सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडीकडची बरीच माणसं येतात. मागे तिकडचेच एक आजोबा फाईल टेबलावर ठेवत म्हणाले, "बाई, दोन्हीकडं मोतीबिंदू हाय म्हनता. मग एकाच हेलपाट्यात उरकून टाका की."

त्यांचा हिशेब सरळ होता. मुलगा पुण्याला कंपनीत. एका डोळ्यासाठी त्याला तीन-चार वेळा रजा काढावी लागणार: आधीची तपासणी, ऑपरेशन, दुसऱ्या दिवशीची तपासणी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. दुसऱ्या डोळ्याला हेच सगळं पहिल्यापासून. मध्ये ज्वारीची काढणी आली की दुसरा डोळा गेला पुढच्या वर्षावर. आणि असं खरंच होतं. एका डोळ्यानं बरं दिसायला लागलं की दुसरा तसाच ठेवून देणारी माणसं मी नेहमी बघते.

मी त्यांना तेव्हा "तसं करत नाहीत, आजोबा" एवढंच सांगितलं. ते उत्तर अपुरं होतं. जगात कितीतरी ठिकाणी तसं करतात. फिनलंडमध्ये आणि स्पेनच्या कॅनरी बेटांवर तर ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. मग आपल्याकडे बहुतेक डॉक्टर एकेकच डोळा का करतात, आणि कोणाला दोन्ही एकदम करून घेता येतील? त्या दिवशी आजोबांना जे सांगायला हवं होतं, ते इथे सविस्तर सांगते.

ऑपरेशनमध्ये होतं काय

डोळ्याच्या बाहुलीमागे एक नैसर्गिक भिंग असतं. ते एका पातळ, पारदर्शक पिशवीत बसलेलं असतं. वयानं ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद घेतात, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी गढूळ भिंगाचा चुरा करून ओढून घेतात आणि रिकाम्या पिशवीत घडी घातलेलं कृत्रिम भिंग सोडतात. ते आत जाऊन उलगडतं. टाका बहुधा लागत नाही. बऱ्याच जणांना भूलही नुसत्या थेंबांची पुरते.

हे सगळं आजच्या पिढीला साधं वाटतं. पण कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं ते लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी, १९४९ साली. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिकचे, तुकडे घुसले होते. डोळा ते तुकडे निमूट सहन करतो, हे त्यांनी पाहिलं आणि त्यावरून त्यांना भिंगाची कल्पना सुचली. चुरा करून ओढून घेण्याची फॅको पद्धत न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली आणली. त्याआधी मोठा छेद, टाके, दिवसचे दिवस अंथरुणावर पडून राहणं आणि शेवटी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. अशा काळात दोन्ही डोळे एकदम उघडणं धोक्याचं वाटणं साहजिक होतं. 'एका वेळी एकच डोळा' ही शिस्त त्या दिवसांतली आहे. ऑपरेशन बदललं, तरी ती शिस्त टिकली. त्यामागे दोन भीती आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली भीती: जंतुसंसर्ग

ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतू वाढले तर नजर कायमची जाऊ शकते. एक डोळा गेला तर दुसरा उरतो. दोन्ही एकाच दिवशी केले आणि दोन्हींत संसर्ग झाला तर? ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना रात्रीची झोप लागू न देणारी गोष्ट कुठली असेल, तर हीच.

इथे थोडं गणित करू. समजा, एका डोळ्याला संसर्ग होण्याची शक्यता ५,००० त एक आहे. दुसऱ्या डोळ्यालाही तेवढीच. दोन्ही एकमेकांपासून अगदी स्वतंत्र असतील, तर दोन्हीकडे एकदम संसर्ग होण्याची शक्यता ५,००० गुणिले ५,०००, म्हणजे अडीच कोटींत एक. रस्त्यानं दवाखान्यापर्यंत येण्यात याहून जास्त धोका आहे.

पण या गणिताचा सगळा जीव 'स्वतंत्र' या एका शब्दात आहे. ऑपरेशन चालू असताना दोन्ही डोळ्यांत एकाच बाटलीतला द्रव गेला आणि ती बाटलीच दूषित असेल, तर अडीच कोटी वगैरे सगळं कोलमडतं. मग एका डोळ्याला जे होईल तेच दुसऱ्याला होणार. एका दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेक पेशंटच्या डोळ्यांना एकदम संसर्ग झाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. तिथे बहुतेक वेळा असंच काहीतरी सामाईक असतं. डोळ्यात वाहता ठेवायचा द्रवच दूषित निघाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. कधी निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, दोष असतो.

म्हणून दोन्ही डोळे एका दिवशी करायचे तर एक नियम पाळावाच लागतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार त्यात आहे: डोळे एकाच माणसाचे असले तरी थिएटरमध्ये ते दोन वेगवेगळे पेशंट धरायचे.

म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. उजवा डोळा झाला. झाकणाचं हिरवं कापड काढलं. वापरलेला हत्यारांचा ट्रे, सुया, नळ्या, उरलेला द्रव, डोळ्यात भरायची जेल, सगळं खोलीबाहेर गेलं. त्यातलं काहीही, अगदी अर्ध्याहून जास्त भरलेली बाटलीसुद्धा, दुसऱ्या डोळ्याला वापरायची नाही. डॉक्टर आणि मदतनीस सिस्टर पुन्हा हात धुतात, नवा गाऊन, नवे हातमोजे घालतात. डाव्या डोळ्याभोवती आयोडीनचं द्रावण नव्यानं लावलं जातं, नवं कापड पसरलं जातं. दुसरा ट्रे येतो तो ऑटोक्लेव्हच्या वेगळ्या फेरीतून निघालेला. द्रवाची बाटली आणि जेल वेगळ्या बॅचची, जमल्यास वेगळ्या कंपनीची. सिस्टर बाटलीवरचा बॅच नंबर मोठ्यानं वाचते, दुसरी कोणीतरी पहिल्या डोळ्याच्या नोंदीशी तो ताडून बघते. भिंगाचा नंबर पुन्हा वाचला जातो, कारण दोन डोळ्यांची भिंगं सहसा एकाच नंबरची नसतात आणि अदलाबदल झाली तर दोन्ही डोळे चुकतील. हे सगळं होईपर्यंत पेशंट तिथेच पडून असतो आणि त्याला वाटतं, एवढा वेळ का लावताहेत? तो वेळ त्याच्याच भल्यासाठी असतो.

आणखी एक पक्का नियम: पहिल्या डोळ्यात काहीही अडचण आली, भिंगाच्या पिशवीची मागची बाजू फाटली किंवा ऑपरेशन अपेक्षेपेक्षा लांबलं, तर दुसरा डोळा त्या दिवशी करायचा नाही. पेशंटला हे आधीच सांगून ठेवलेलं असावं. नाहीतर "दोन्हीचं बोलला होतात, मग एकच का केला?" अशी नाराजी होते. अशा वेळी थांबणारा डॉक्टर चांगला डॉक्टर आहे.

या नियमांचा उपयोग होतो का? टोरांटोचे डॉ. स्टीव्ह अर्शिनॉफ यांनी अनेक देशांतल्या सर्जनांकडून नोंदी गोळा करून २०११ साली प्रसिद्ध केल्या. एकाच दिवशी दोन्ही डोळे केलेली ९५,६०६ ऑपरेशनं त्यात होती. दोन्ही डोळ्यांना एकदम संसर्ग झाल्याची त्यांत एकही केस नव्हती. दोन्हीकडे संसर्ग झाल्याच्या ज्या मोजक्या घटना इतरत्र नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांत 'दोन वेगळे पेशंट' हा नियम कुठेतरी मोडलेला होता.

दुसरी मोठी मदत झाली ती ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडण्याच्या पद्धतीची. युरोपातल्या २००७ सालच्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे संसर्गाचं प्रमाण जवळपास पाच पटींनी कमी झालं. आपल्याकडचा पुरावा तर आणखी भक्कम आहे. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या. मॉक्सिफ्लॉक्सासिन डोळ्याच्या आत सोडायला लागल्यावर संसर्ग दहा हजारांत सातवरून दहा हजारांत दोनवर आला. या नोंदी एकेक डोळ्याच्या ऑपरेशनांच्या आहेत, पण दोन्ही डोळे एकदम करण्याच्या विचाराला बळ मिळतं ते याच आकड्यांमुळे.

दुसरी भीती: नंबर चुकण्याची

कृत्रिम भिंगाची ताकद आधी मोजून ठरवावी लागते. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजतात आणि सूत्रात घालतात. सरासरी डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. त्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं हुकतो. आताची प्रकाशकिरणांनी मोजणारी यंत्रं फार अचूक आहेत, तरी भिंग पिशवीत नेमकं किती पुढे-मागे स्थिरावेल, हे सूत्राला अंदाजानंच धरावं लागतं.

एकेक डोळा करण्याचा इथे फायदा आहे. पहिल्या डोळ्याचा नंबर ठरल्यापेक्षा एकनं चुकला, तर डॉक्टर दुसऱ्या डोळ्याचं भिंग निवडताना त्यातली साधारण निम्मी चूक हिशेबात धरतात. दोन्ही एकदम केले तर ही संधी जाते. पूर्वी लेसर करून चष्मा घालवलेला असेल, डोळा फार लांब किंवा फार आखूड असेल, तर अंदाज चुकण्याची शक्यता जास्त. अशांनी एकेकच करून घ्यावा, असं मला वाटतं. पेशंट खूप चोखंदळ असेल, महागडं मल्टिफोकल, म्हणजे दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं, भिंग बसवणार असेल, तर पहिल्या डोळ्याशी जमतंय का हे बघून मग दुसरा करण्यात शहाणपण आहे.

पण सर्वसाधारण डोळ्यांचं काय? नेदरलँड्समध्ये दहा रुग्णालयांनी मिळून ८६५ पेशंटांचा अभ्यास केला. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्यांचे दोन्ही डोळे एका दिवशी, निम्म्यांचे वेगवेगळ्या दिवशी. तो २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. महिन्याभरानं दुसऱ्या डोळ्याचा नंबर ठरवल्यापासून एकच्या आत असणारे पेशंट पहिल्या गटात ९७ टक्के, दुसऱ्यात ९८ टक्के. संसर्ग कोणत्याच गटात एकालाही झाला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर २०१७ सालीच सांगून ठेवलं होतं की धोका कमी असलेल्या पेशंटला दोन्ही डोळे एकाच दिवशी करण्याचा विचार करावा.

मधले दिवस

ही बाजू लोकांना फारशी माहीत नसते, आणि मला ती घरातून कळली. माझ्या मावशीला लहानपणापासून उणे आठचा चष्मा. तिचा एक डोळा झाला आणि त्याचा नंबर जवळपास शून्यावर आला. दुसरा उणे आठच. चष्मा घातला तर ऑपरेशनच्या डोळ्याला धूसर, काढला तर दुसऱ्याला. आम्ही एका बाजूची काच काढून दिली. तर म्हणे, एका डोळ्याला कप मोठा दिसतोय आणि एका डोळ्याला छोटा, आणि दोन कप एकमेकांवर बसतच नाहीत. तिचं काही चुकत नव्हतं. जाड उणे भिंग वस्तू लहान दाखवतं, आणि दोन डोळ्यांतलं अंतर तीन-एक नंबरांच्या पुढे गेलं की मेंदूला दोन चित्रं जुळवणं अवघड होतं. गाळणीतून चहा ओतायची तर निम्मा ओट्यावर. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, हे पायानं चाचपून बघायची. दुसरा डोळा होईपर्यंतचे पाच आठवडे ती घराबाहेर पडली नाही. म्हातारपणी या काळात पडून खुब्याचं हाड मोडलं, तर डोळ्यांच्या ऑपरेशनचं सुख कुठल्या कुठे राहतं.

मोठा नंबर असलेल्या पेशंटांचे दोन्ही डोळे एका दिवशी झाले, तर हे मधले दिवसच येत नाहीत. ज्यांना पूर्ण भूल द्यावी लागते, त्यांचाही यात मोठा फायदा: स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा, पार्किन्सनमुळे सतत डोकं हलणारे, डाउन सिंड्रोम असलेली माणसं, जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं. दोनदा भूल देण्यातला धोका एकदाच घ्यावा लागतो. आणि मग आजोबांसारखे पेशंट, ज्यांना दवाखाना लांब आहे आणि घरात सोबतीला माणूस नाही.

कोणी एकदम करून घेऊ नये

शुगर आटोक्यात नसेल, पापण्यांच्या मुळाशी कोंडा किंवा सूज असेल, लासरू, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातली अश्रूंची पिशवी, सुजून पू येत असेल, तर जंतुसंसर्गाचा धोका आधीच वाढलेला असतो. बुबुळाच्या आतल्या थराच्या पेशी कमी झालेल्या असतील, काचबिंदू बळावलेला असेल, डोळ्याला आतून वारंवार सूज येत असेल, मधुमेहानं पडदा खराब झाला असेल, मोतीबिंदू फार पिकून कडक झाला असेल किंवा डोळ्याला कधी मार लागून भिंग सैल झालं असेल, तर ऑपरेशनमध्ये किंवा नंतर अडचण येण्याची शक्यता जास्त. असे डोळे एकेक करूनच नीट सांभाळता येतात.

त्या आजोबांची फाईल मी नंतर पुन्हा उघडून पाहिली. उपाशीपोटीची शुगर २४०. दोन्ही पापण्यांना कोंडा. त्यांचे दोन्ही डोळे एकदम करणं कुठेच योग्य ठरलं नसतं. पण नकाराचं कारण त्यांच्याच तब्येतीत होतं, आणि ते त्यांना कळलं असतं तर कदाचित त्यांनी शुगरकडे जरा लक्षही दिलं असतं.

आपल्याकडे विचारायचं काय

डॉक्टर एकेकच करतो म्हणाले, तर हट्ट धरू नका. वेगळ्या फेरीचे ट्रे, वेगळ्या बॅचचा साठा, मधला वेळ, हे सगळं ज्या थिएटरमध्ये बसवलेलं नाही, तिथे एकेक करणंच बरोबर आहे. उलट दोन्ही करू म्हणाले, तर न संकोचता विचारा: दोन्ही डोळ्यांचं सामान वेगळं असतं का? द्रवाची बाटली आणि जेल वेगळ्या बॅचची वापरता का? डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडता का? पहिल्यात अडचण आली तर दुसरा पुढे ढकलाल ना? जे डॉक्टर हे रोज करतात, त्यांची उत्तरं तयार असतात. कोणी "एवढं काय विचारता" म्हणालं, तर मी माझ्या आईला तिथून घरी घेऊन येईन.

विमा असेल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. पॉलिसीत बहुधा एका डोळ्यामागे मर्यादा ठरलेली असते, आणि एकाच दिवशीच्या दोन डोळ्यांचे पैसे ती कसे धरते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असू शकतं.

घरी आल्यावर

दोन्ही डोळे झालेल्या दिवशी दोन्हींवर जाड पट्टी बांधून आंधळं करून पाठवत नाहीत. पारदर्शक झाकण किंवा काळा चष्मा असतो. तरी बाहुल्या मोठ्या केलेल्या असल्यानं त्या रात्री सगळं धुरकट दिसतं आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. एकेक डोळा करताना न केलेल्या डोळ्याचा जो आधार असतो, तो इथे नसतो. म्हणून पहिले दोन दिवस घरात माणूस हवाच. संडासापर्यंतची वाट मोकळी ठेवा, पायपुसणी उचलून ठेवा, मधला दिवा रात्रभर चालू राहू द्या. अंघोळ गळ्याखालून. फोडणीच्या धुरापासून आणि काजळापासून लांब. डोळे चोळायचे नाहीत, झोपताना झाकण लावायचं.

दूरचं दिसण्यासाठी साधं भिंग बसवलं असेल, तर जवळचं वाचायला चष्मा लागेल. एकेक डोळ्याच्या पेशंटला हे हळूहळू कळतं, इथे ते दुसऱ्याच दिवशी कळतं. उणे नंबरवाले, जन्मभर चष्मा काढून पोथी वाचणारे, यानं फार गोंधळतात. त्यांना हे आधी सांगायला हवं. पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी निघतो, तोवर तयार मिळणारा जवळचा चष्मा चालतो.

थेंबांच्या बाबतीतही दोन पेशंटचा नियम घरात चालू राहतो: दोन डोळ्यांना दोन स्वतंत्र बाटल्या. एका डोळ्याला काही झालं तर ते बाटलीच्या टोकावरून दुसऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून. नावं बारीक अक्षरात असतात आणि वाचणारे डोळे नुकतेच ऑपरेशन झालेले, म्हणून मी उजव्या डोळ्याच्या बाटलीला पूजेच्या पुडक्यातला लाल दोरा बांधून देते. डावी बिनदोऱ्याची. एका डोळ्यात थेंब घातला की हात धुवायचे, मग दुसऱ्यात. आणि पहिल्या आठवड्यात एकाही डोळ्यात ठणका लागला, लाली वाढली, घाण यायला लागली किंवा आदल्या दिवशी दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखान्यात फोन करायचा. तो नंबर मी फाईलच्या पहिल्या पानावर जाड स्केचपेननं लिहून देते, धुरकट दिसणाऱ्यालाही वाचता येईल एवढा मोठा.